उतरंडीचें घर

श्रोतेहो, आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतली उतरंड आठवा. तळच्या मडक्यांतलें धान्य हवें असलें तर वरचीं सारीं मडकीं एकेक करून खालीं उतरावीं लागत. टोकियो शहरांतील एका इमारतीनें ही अडचण टाळण्याचा पण केला होता, आणि पन्नास वर्षांनीं ती त्याच अडचणींत सांपडून नाहींशी झाली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९६० च्या सुमारास जपानांतील कांहीं तरुण वास्तुशिल्पज्ञांनीं ‘चयापचय’ या अर्थाच्या नांवाचा एक पंथ काढला. शरीरांतील पेशी झिजतात, नव्या येतात, देह मात्र टिकतो. नगरेंही तशींच असावींत, असें त्यांचें म्हणणें. त्या पंथांतील किशो कुरोकावा यांनीं १९७२ सालीं गिन्झा भागांत नाकागिन कॅप्सूल टॉवर उभा केला. मध्यें ११ आणि १३ मजल्यांचे दोन मनोरे, आणि त्यांना बाहेरून जडविलेल्या १४० पोलादी खोल्या. प्रत्येक खोली सुमारें अडीच मीटर रुंद व चार मीटर लांब. तींत एक वाटोळी खिडकी, पलंग, घडीचें मेज आणि विमानांतल्यासारखें न्हाणीघर. खोल्या कारखान्यांत तयार होत, मालमोटारींवरून येत आणि यारीनें उचलून जागेवर बसविल्या जात.

आतां प्रश्न सांध्याचा. अशा पोलादी खोल्या एकमेकींवर रचल्या म्हणजे वरचा भार कोपऱ्यांतल्या खांबांतून पायापर्यंत उतरतो. तेथील सांध्यानें भार तर पोंचवावयाचाच. शिवाय वाऱ्याचा व भूकंपाचा आडवा धक्का शेजारच्या खोलीकडे द्यावयाचा, आणि एखादा भाग निकामी झाला तरी बाकीचे धरून ठेवावयाचे. या शेवटच्या कामाचें मोल लंडनच्या रोनान पॉइंट येथें १९६८ सालीं कळलें. ती २२ मजली इमारत काँक्रीटच्या तयार फळ्यांची होती, पोलादाची नव्हे; पण धडा सांध्याचाच. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भिंत उडाली, आणि एका कोपऱ्यांतले मजले पत्त्यांप्रमाणें कोसळले. मापाचें संकट निराळेंच. दोन मिलिमीटरांची चूक एका खोलींत खपते. वीस मजल्यांत ती सांचत जाते. म्हणून बोल्टाच्या भोंकास थोडी मोकळीक ठेवतात. ती अधिक झाली तर सांधा सरकतो, कमी झाली तर बोल्ट शिरतच नाहीं.

कुरोकावांनीं उतरंडच टाळली. त्यांची खोली खालच्या खोलीवर टेकत नव्हती. मधल्या मनोऱ्याला ती अवघ्या चार उच्च ताणाच्या बोल्टांनीं जोडलेली होती. बोल्ट सोडा, जुनी खोली काढा, नवी लावा. दर पंचवीस वर्षांनीं! बोल्टांनीं आपलें काम चोख बजावलें. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतरही इमारत उभी होती.

परंतु एकही खोली कधीं बदलली गेली नाहीं. खोल्यांमधली फट अरुंद होती. मधली एक काढावयाची तर तिच्या वरच्या आधीं काढाव्या लागणार. भाराची उतरंड गेली, वाटेची राहिली. माझ्या मतें दोष बोल्टाचा नव्हे. जो सांधा सोडण्यासाठीं केला, तेथें हात आणि पाना शिरण्यास व खोली बाहेर निघण्यास जागा ठेवणें, हाही सांध्याच्या रचनेचाच भाग मानला पाहिजे. त्यांतून खोल्यांचे मालक निरनिराळे! शेजाऱ्यांची संमति कोणत्याही नकाशांत काढतां येत नाहीं, हें चाळींत राहिलेल्यांस सांगावयास नको.

पाणी झिरपूं लागलें, गरम पाण्याची सोय बंद पडली, अ‍ॅस्बेस्टॉसचें भय होतेंच. २००७ सालीं रहिवाशांनीं इमारत पाडण्याच्या बाजूनें मत दिलें. मनोरे ठेवून नव्या खोल्या जडवाव्या, असा कुरोकावांचा आग्रह होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते वारले. पाडकाम लांबत गेलें तें एप्रिल २०२२ पर्यंत. तेव्हां खोल्या अखेर मनोऱ्यांपासून सुटल्या. त्यांतल्या २३ जपून ठेवण्यांत आल्या. एक सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेली आहे, आणि एक हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयाकडे.