वाळूच्या टेकड्यांचे छायाचित्रण

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर, थरच्या वाळवंटात, सम येथील वाळूच्या टेकड्या आहेत. छायाचित्रात टेकडीला आकार देते ती सावली. माध्यान्ही सावल्या आखडतात आणि तीच टेकडी सपाट, फिकट पट्ट्यासारखी भासते. सूर्योदयानंतरच्या तासाभरात तिरप्या उन्हाने धार उठून दिसते, वाऱ्याने उमटवलेल्या लहरीही स्पष्ट होतात. सूर्यास्ताचा प्रकाशही असाच तिरपा. परंतु समला त्या वेळी पर्यटकांची व उंटांची वर्दळ असते आणि पावलांचे ठसे वारा सुटल्याखेरीज बुजत नाहीत. सर्वाधिक चित्रे बिघडतात ती मात्र छायाचित्रकाराच्याच पावलांनी! चौकट आधी ठरवून, टेकडीला वळसा घालून चढावे. उजळ वाळूमुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व चित्र काळवंडते. एक्स्पोजर किंचित वाढवावे. उघड्यावर लेन्स बदलू नये.