घराकडची वाट : ‘ओडिसी’ आणि नामदेवांची ‘तीर्थावळी’

होमरच्या ‘ओडिसी’तील एकाक्ष राक्षस, चेटकीण सर्सी आणि गाणाऱ्या सायरेन वाचकाच्या ध्यानात राहतात, आणि त्यामुळे हे काव्य साहसी प्रवासाचे आहे असा समज होतो. प्रत्यक्षात 24 सर्गांपैकी तेराव्या सर्गातच ओडिसियस आपल्या इथाका बेटावर पोहोचतो. उरलेले निम्मे काव्य घरी आलेल्या माणसाला घराने ओळखण्याचे आहे. पहिल्या चार सर्गांत तो दिसतच नाही. पाचव्यात भेटतो तो कॅलिप्सोच्या बेटावर, समुद्राकडे पाहत अश्रू ढाळताना. ती त्याला अमरत्व देऊ करते आणि तो मागतो आपले खडकाळ बेट व वयाने उतरत जाणारी पत्नी.

परतीच्या ओढीचे असे काव्य मराठीत शोधायचे तर ‘तीर्थावळी’कडे जावे लागते. नामदेवांच्या नावावरील अभंगांचे हे प्रकरण ज्ञानदेव-नामदेवांच्या तीर्थयात्रेचे म्हणून ओळखले जाते. नामदेवांचा काळ परंपरेने 1270 ते 1350 असा मानला जातो आणि जन्मस्थान म्हणून आज हिंगोली जिल्ह्यातील, कयाधू नदीकाठचे नरसी सांगितले जाते. ते पंढरपूरलाच जन्मले असे मानणारे अभ्यासक आहेत. ‘नरसी’ म्हणजे कऱ्हाडजवळचे नरसिंगपूर, असाही एक पक्ष होता. होमरच्या जन्मस्थानासाठी ग्रीक नगरे भांडत, त्याची येथे आठवण व्हावी.

‘तीर्थावळी’चा प्रारंभच विलक्षण आहे. यात्रेचा आग्रह ज्ञानदेवांचा. नामदेवांना निघायचेच नाही. विठ्ठलाचे पाय सोडून तीर्थे कशाला, हा त्यांचा प्रश्न. अखेर विठ्ठलच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतो, आणि ते गेल्यावर स्वतः व्याकूळ होतो. ‘ओडिसी’त वीस वर्षांचा विरह पेनेलपी सोसते, येथे तो देवाच्या वाट्याला आला आहे. वाटेत देवाच्या आठवणीने नामदेव खंतावतात, ज्ञानदेव त्यांना सर्वव्यापी तत्त्व समजावतात, आणि नामदेव ते ऐकूनही समाधान पावत नाहीत. मरुभूमीतील विहिरीचा प्रसंग याच ताणातून येतो : ज्ञानदेव योगसिद्धीने पाण्यापर्यंत उतरतात, नामदेव हाक मारतात आणि विहीर भरून वाहू लागते. हा चमत्कार भक्तीच्या श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून सांगितला जातो, ते बरोबरच आहे. पण काव्य म्हणून पाहिले तर ती परमुलखातून घराकडे दिलेली हाक आहे. परतल्यावर मावंदे होते आणि देव स्वतः यजमान होतो.

मात्र हे घर नामदेवांनी स्वीकारलेले घर आहे. ओडिसियसला पित्याची बाग हवी. चोविसाव्या सर्गात वृद्ध लाएर्तीसला ओळख पटवताना तो लहानपणी मिळालेली झाडे मोजून दाखवतो. नामदेवांना पंढरपूर हवे असते, नरसी नव्हे. मग गोणाई आणि राजाई यांचे काय? गाथेत आई आणि पत्नीच्या तक्रारींचे अभंग आहेत. राजाई रुक्मिणीपाशी गाऱ्हाणे मांडते. तिचा पती परदेशी हरवलेला नाही, दारातच आहे, आणि तरीही घरी नाही. पेनेलपीपेक्षा हे दुःख मला अधिक अवघड वाटते, कारण पेनेलपीच्या वाट पाहण्याला शेवट असू शकतो.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून येथे भेटले, अशी परंपरा आहे. येथेच कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी समोरून हुसकले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, अशीही कथा आहे. सतराव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेशातील ओडिसियसवर त्याच्याच घरात अँटिनोअस चौरंग फेकून मारतो. त्याला आधी ओळखतो तो उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा आर्गोस. मग दाई मांडीवरचा व्रण पाहून ओळखते आणि शेवटी पत्नी, पलंगाच्या खुणेवरून. औंढ्याच्या कथेत ओळखणारे माणूस कोणीच नाही. ओळख दगडांनी दिली. शीख परंपरेच्या ‘गुरू ग्रंथ साहिब’मध्ये नामदेवांची 61 पदे आहेत आणि जातीवरून उठवले गेल्यावर देऊळ फिरल्याचे एक पद त्यांत आहे. त्यात औंढ्याचे नाव नाही. पण अपमानाची जखम त्या पदात ताजी आहे.

ही सारी वचने कोणत्या नामदेवांची? सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि इतरही कवी याच मुद्रेखाली मिसळले आहेत, आणि ‘तीर्थावळी’च्या कर्तृत्वावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. 1795 मध्ये वोल्फने होमरविषयी हाच प्रश्न उभा केला आणि 1930च्या दशकात मिल्मन पॅरीने युगोस्लाव्हियातील गायकांकडे जाऊन त्याचे स्वरूपच पालटले. आपल्याकडे कीर्तन हीच तशी जिवंत शाळा होती. पॉलिफीमसला फसवण्यासाठी ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो. कीर्तनकारांनी उलट केले, अनेकांनी एकच नाव घेतले. ‘तीर्थावळी’ यात्रेचा दस्तऐवज म्हणून वाचणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. तिच्यात मुक्कामांच्या तारखा शोधण्यापेक्षा परतीची भूक पाहावी.

पुढे चरित्राने निराळेच वळण घेतले. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली. नंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते. त्यांचा अंत पंढरपूरच्या महाद्वारी झाला, म्हणून तेथे नामदेव पायरी. घुमानमध्येही समाधी दाखवतात. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी वाचक त्यांच्या मागोमाग तिकडे गेले.

ओडिसियसलाही घरी राहता येणार नसते. टायरिसिअसने सांगितलेले असते : खांद्यावर वल्हे घेऊन आत, आत चालत जा, ज्या मुलखात त्या वल्ह्याला कोणी धान्य उपणण्याचे साधन समजेल, तेथे ते रोवून यज्ञ कर, मग घरी परत. पेनेलपीच्या भेटीच्या रात्रीच तो तिला हे सांगून टाकतो. समुद्र न पाहिलेल्या गावांतला तो मुलूख कयाधूकाठच्या ज्वारीच्या खळ्यांसारखाच असणार.