लेकुरवाळं घर आणि कोसबाडची टेकडी



घर आवरून पाठ फिरवली की दहा मिनिटांत पुन्हा पसारा. ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू आहे त्यांना हे सांगायला नको. त्यात कापसाची वेचणी सुरू झाली की अर्धी खोली कापसाने भरलेली आणि पोरं त्या ढिगावर उड्या मारणार. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला मिरची न्यायची असली तर घरभर तिखट, आणि त्याच हातांनी लेकरू घ्यायचं.

स्वच्छता म्हटलं की आपल्याला गाडगेबाबा आठवतात. त्यांनी खराटा हातात घेऊन गावं झाडली. ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचंच नाव आहे. पण गल्ली झाडणं वेगळं आणि रांगत्या मुलाचं घर नीट ठेवणं वेगळं. या दुसऱ्या कामालाही इतिहास आहे, तो मात्र कुणी फारसा सांगत नाही.

सुरुवात जरा लांबून, इटलीतल्या रोम शहरातून करते. १९०७ च्या जानेवारीत तिथल्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी मुलांसाठी एक ‘बालगृह’ उघडलं. कारण अगदी घरगुती होतं. आईबाप कामाला गेले की पोरं इमारतीच्या जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. मालकांना आपली इमारत वाचवायची होती, म्हणून त्यांनी खोली दिली. मुलांची काळजी नंतर, भिंतींची आधी! असो, खोली मिळाली.

तिथली एक गोष्ट मला फार आवडते. मुलांचं सामान कपाटात कुलूपबंद असायचं, बाई येऊन ते काढून द्यायच्या. एके दिवशी कुलूप लावायचं राहिलं. येऊन बघतात तर मुलांनी आपल्याला हवं ते स्वतःच काढून घेतलेलं आणि कामाला लागलेली. माँटेसरीबाईंनी मुलांना रागावण्याऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं करून घेतली. वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवायची, हात धुवायचे, झाडायचं, पुसायचं, हे सगळं तिथे शिकवण्याचाच भाग झालं. आणि झाडू मुलाच्या हातातही दिला, मुलीच्याही.

हा विचार आपल्याकडे आणला ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पण शहरातली बालमंदिरं म्हणजे महागडं सामान, पैसेवाल्यांची मुलं. ताराबाईंना ते खटकत होतं. १९४५ साली त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि थोड्याच दिवसांत वैधव्य आलं होतं. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. एखाद्याच्या अंगणात बसायचं, मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, अंगण झाडून घ्यायचं आणि मग गाणी-गोष्टी. आपण आज सहज म्हणतो तो ‘अंगणवाडी’ शब्द तिथला. महागड्या सामानाऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे आले. मोजायचे, लावायचे आणि पुन्हा डब्यात भरून ठेवायचे. पसारा आवरणं हाच तिथे खेळ होता.

आता आपलं घर बघू. जुन्या माळवदाच्या घरात ही व्यवस्था न शिकवताच होती. दूध-लोणी शिंक्यावर, दिवा देवळीत, कपडे वलणीवर आणि खाली सारवलेली मोकळी जमीन. लेकराने ओढावं असं हाताशी फार काही नसायचंच. त्या घराचं मला उगाच कौतुक नाही. तिथे धूर होता, ओल होती आणि सारवायला बाईचीच कंबर मोडायची. पण नको ते वर आणि मुलाचं ते खाली, एवढं तिथे बरोबर होतं. आज सामान वाढलं, प्लास्टिकचे डबे आले, आणि फवारणीचं औषध घरातच कोपऱ्यात नाहीतर बाजेखाली जाऊन बसलं. ते कुलपात किंवा घराबाहेर पाहिजे. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नये, कारण पोराला ती बाटली ओळखीची असते. आधी हे करा, मग भिंतीला चुना.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला एक खोकं, एक बुटकी खुंटी आणि कापून आखूड केलेली केरसुणी द्या. ते नीट झाडणार नाही. तुम्हाला मागून पुन्हा झाडावं लागेल. सुरुवातीचे काही महिने काम वाढतंच, हे आधीच सांगून ठेवते.

अनुताई-ताराबाईंना आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. शाळेच्या वयाच्या मुली घरी का, तर धाकटं भावंडं कडेवर. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर त्यांनी ‘विकासवाडी’ केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताईने तान्ह्याला पाळणाघरात सोडायचं, मधल्याला बालवाडीत, आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यातून अंगणवाडी गावोगाव पोचली. आपल्या अंगणवाडीत शिकायला बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहान लेकराला दिवसभर ठेवायची सोय किती गावांत आहे, तुम्हीच बघा. वेचणीच्या दिवसांत तिसरी-चौथीतली पोर शाळा बुडवून घरी थांबते ती त्याच लेकरासाठी, आणि घर आवरायचं कामही तिच्याच अंगावर येतं. गटाच्या बैठकीत पाळणाघराचा विषय काढायचा असेल, तर कोसबाडचं नाव जरूर घ्या.