कारखान्यातून घरात : ‘किर्लोस्कर खबर’ची शंभरी

नेतृत्व, व्यवसाय आणि घरसंसार या तिन्हींविषयी एकाच बैठकीत बोलणारे पॉडकास्ट आता मराठीतही पुष्कळ झाले आहेत. एखाद्याचा शंभरावा भाग होतो, तेव्हा निवेदक मागे वळून पाहतो. किती भाग झाले, किती श्रोते मिळाले, कोणते पाहुणे येऊन गेले, याचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब ऐकताना प्रस्तुत लेखकाला दर वेळी एका जुन्या मासिकाची आठवण होते. उद्योजकाने आपल्या गिऱ्हाइकाशी धंद्याविषयी बोलू लागावे आणि बोलता बोलता त्याच्या घरात शिरावे, ही घटना मराठीत १९२० सालीच घडली आहे. त्या घटनेला २०२० मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षीच्या टाळेबंदीच्या गदारोळात या शंभरीचा स्वस्थपणे विचार करण्याची सवड फार थोड्यांना मिळाली असेल. म्हणून हे टिपण.

‘किर्लोस्कर खबर’चे मूळ साहित्यात नव्हे, नांगरात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. डोळ्यांना रंगांतला भेद नीट कळत नाही हे ध्यानात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ शिकवून ते बेळगावात आले, सायकलींचे दुकान चालवले आणि पुढे लोखंडी नांगर करू लागले. नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा माल खपवायचा, तर आधी माणसाचे मत बदलायला हवे, हा धडा या घराण्याला आरंभीच मिळाला. मत बदलायचे म्हणजे बोलायला हवे, समजावून सांगायला हवे, उदाहरण द्यायला हवे. या उद्योगाला गद्याची गरज इथून पडली, असे म्हणता येईल.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखाना आणि वस्ती एकमेकींना लागून असल्यामुळे कामाचे प्रश्न आणि घराचे प्रश्न वेगळे ठेवणे शक्यच नव्हते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमले. नेतृत्व हा शब्द आज ज्या अर्थाने सहज वापरला जातो, त्याचा इथला अर्थ फार सविस्तर होता. शेजारी कोण राहील, पाणवठा कोणाचा, रात्री विश्वास कोणावर ठेवायचा, हे सारे त्यात येत होते.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित कंपनी झाला आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि (१८९१–१९७५). तेही चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रे काढणारे आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे. गिऱ्हाइकांना मालाची माहिती द्यावी हा उघड हेतू होता. ‘मनोरंजन’ १८९५ पासून मराठी वाचकाला परिचित होते, पण ते मासिक म्हणूनच जन्मले होते. ‘खबर’ ही कारखान्याची चिठ्ठी होती. पुढे नावातून ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ उरले, आणि त्या पानांवर उद्योगाइतकीच समाजसुधारणेची चर्चा होऊ लागली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख याच मासिकात आले. नांगराविषयीची समजूत खोडून काढणारा माणूस इतर समजुतींपाशी थांबेल कशाला?

१९३० मध्ये शंवाकिंनी ‘स्त्री’ काढले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. स्त्रियांसाठीची मासिके मराठीत त्यापूर्वीही निघाली होती. मात्र इथे एका कारखान्याच्या पत्रातून घरासाठी वेगळे मासिक निघाले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उद्यमशील पुरुष घडवायचा, तर घर बदलायला हवे. घर बदलायचे, तर बाईशी बोलायला हवे. हा विचार त्या काळी धाडसाचा होता, यात शंका नाही. पण त्यात एक अडचण दडलेली होती. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे आधीच ठरलेले होते. ‘स्त्री’चा पहिला संपादक पुरुष होता. वाडीतील सुधारणा जशी मालकाच्या सद्बुद्धीने आली, तशीच घरातील सुधारणाही संपादकाच्या सद्बुद्धीने येणार होती. शंवाकिंच्या निष्ठेविषयी संशय घेण्याचे कारण नाही. पण सदिच्छेने दिलेल्या आणि स्वतः मिळवलेल्या आवाजात अंतर असते, ते असतेच.

हे अंतर कापायला मोठा काळ जावा लागला. विद्या बाळ १९६४ मध्ये ‘स्त्री’च्या संपादकवर्गात आल्या आणि १९८३ ते १९८६ या काळात त्या संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. या नावातले बहुवचन पाहावे. ‘स्त्री’ हे संबोधन होते, कोणीतरी तिला उद्देशून बोलत होते. ‘साऱ्याजणी’ हे कर्त्याचे नाव आहे. नांगराच्या माहितीपत्रकापासून इथपर्यंतचा मार्ग सरळ नव्हता आणि तो आखून ठेवलेलाही नव्हता. तरी ‘खबर’च्या शंभरीचे खरे माप मला इथेच सापडते. जिच्याशी बोलायला आरंभ केला, तीच पुढे दुसऱ्या घरी जाऊन स्वतःच्या अटींवर बोलू लागली. कोणत्याही मासिकाला याहून मोठे यश कोणते मिळायचे?

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण ‘रत्नाकर’, ‘ज्योत्स्ना’, ‘सत्यकथा’ यांची परंपरा सांगतो आणि ‘किर्लोस्कर’ला समाजप्रबोधनाच्या रकान्यात टाकून पुढे जातो. असे केल्याने एक प्रश्न हातून निसटतो. विसाव्या शतकातील मराठी गद्याला समजावून सांगण्याचा जो सूर आला, त्यात साहित्यिकांचा वाटा किती आणि माल खपवणाऱ्यांचा किती? विद्यार्थ्यांनी जुन्या वाचनालयांतील बांधीव खंड काढून लेखांच्या जोडीने जाहिरातीही वाचाव्यात. एकाच पानावर दोन्हींची भाषा शेजारी बसलेली दिसते.

एक रिकामी जागा मात्र तशीच आहे. मालक बोलला, संपादक बोलला, काही पिढ्यांनंतर बाई बोलली. ओतशाळेत राबणाऱ्या कामगाराचा आणि रात्री राखण करणाऱ्या त्या माणसाचा आवाज या कथेत आपल्याला दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकू येतो. आज यशस्वी उद्योजक ध्वनिमुद्रकासमोर बसून आपल्या संसाराविषयी मोकळेपणाने सांगतात, ते ऐकावे, त्यातून शिकावेही. फक्त शंभरावा भाग साजरा करताना एवढे विचारावे, की ज्यांच्याविषयी इतके बोलणे झाले, त्यांच्यापैकी कोणी अजून बोलायला बसले आहे काय?