‘मूल जेवतच नाही’ : ६ ते १० वर्षांच्या मुलांचा आहार आणि खेळ

पहिली ते चौथीतल्या मुलांच्या पालकांची नेहमीची तक्रार म्हणजे ‘हा काही खातच नाही’. अशा वेळी कालच्या दिवसात मुलाच्या तोंडात काय काय गेले ते क्रमाने आठवून पाहावे. सकाळी पावडर घातलेले दूध व बिस्किटे, शाळेतून आल्यावर वेफर्स, शिकवणीला जाताना केक, संध्याकाळी पुन्हा दूध. मूल दिवसभर खात असते, पण जेवणाच्या वेळी त्याला भूक नसते. त्यात खेळ नसेल तर भूक लागणार कुठून?

या वयात वाढ तशी संथ असते. वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर उंची आणि २ ते ३ किलो वजन वाढते. भूकही रोज सारखी नसते. म्हणून पोळ्या मोजू नका. दर सहा महिन्यांनी उंची व वजन मोजून डॉक्टरांकडून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्या. शेजारच्या मुलाशी तुलना करून काहीच कळत नाही. बाळाचे गुटगुटीतपण आपल्याला कौतुकाचे वाटते, पण आठ वर्षांच्या मुलाची सुटलेली ढेरी हे सुदृढपणाचे लक्षण नाही.

जेवणाची घडी

काय वाढायचे आणि कधी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. न्याहारी, दोन वेळचे जेवण आणि एक-दोनदा मधले खाणे. या वेळांच्या मध्ये फक्त पाणी. एका जेवणाला मूल कमी जेवले तर तासाभराने बिस्किटे देऊ नका, पुढच्या वेळी ते आपोआप भरून काढते. वाटी घेऊन मुलामागे फिरणाऱ्या आजीला हे पटवणे अवघड असते, पण घरातल्या सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय ही घडी बसत नाही. मोबाइल दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ असे म्हटले की भाजी ही शिक्षा ठरते. नवी भाजी चमचाभर, पुन्हा पुन्हा, अगदी आठ-दहा वेळा वाढावी लागते.

७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, एक अंडे आणि पेलाभर दूध यांतून साधारण १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली पोळी-भाकरीतून सहज मिळतात. अंडे चालत नसेल तर आणखी एक वाटी उसळ आणि दही द्यावे. जाहिरातीतल्या महाग पावडरीची गरज निरोगी मुलाला नसते आणि त्यांपैकी अनेकींत साखर भरपूर असते.

खरी उणीव बहुधा लोहाची असते. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या जवळपास दर चौथ्या मुलात रक्तक्षय आढळला. मोड आलेली कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, घरात चालत असेल तर अंडी-मांस द्यावे आणि जेवणावर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. दूधही दिवसाला दोन पेल्यांपुरतेच, नाहीतर जेवणाची जागा दूधच घेते.

डबा लहान सुट्टीत संपेल असाच हवा. थालीपीठ, नाचणीचे घावन, उसळ भरलेली पोळीची गुंडाळी, मेथी पराठा हे पटकन खाता येते. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. शाळेबाहेर गाडी दिसली तर पालकसभेत विचारायला हरकत नाही.

रोज एक तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. ती सलग नसली तरी चालते. लंगडी, पकडापकडी, दोरीच्या उड्या, सायकल हे पुरेसे आहे. आठवड्यातून दोनदा लावलेल्या क्रिकेटच्या क्लासमध्ये बरेचदा मुले पाळी येण्याची वाटच पाहत असतात, त्यावर विसंबू नका. शाळेतून आल्यावर उजेड आहे तोवर खेळ आणि नंतर अभ्यास, असा क्रम ठेवा. मोकळ्या उजेडात खेळल्याने लवकर चश्मा लागण्याचा धोकाही कमी होतो. झोप ९ ते १२ तास हवी.

वजन जास्त असेल तर मुलाला उपाशी ठेवू नका आणि ‘जाड्या’ म्हणून हाकही मारू नका. बहुतेक मुलांत वजन आहे तेवढेच राखले, तरी उंची वाढत जाते तसे प्रमाण सुधारते. मात्र गोड पेये आणि पाकिटे संपूर्ण घरातूनच जायला हवीत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

सहा महिन्यांत वजन अजिबात वाढले नाही, मूल फिकट दिसते, लवकर थकते किंवा माती-खडू खाते, मानेची कातडी काळी व जाड झाली आहे, झोपेत रोज घोरते, तर तपासून घ्या. वजन उतरत असेल आणि तहान व लघवी फार वाढली असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या.