आधुनिकतेचा विचार आणि रूपक

‘आधुनिक’ हा शब्द ‘अधुना’ म्हणजे ‘आता’ या अव्ययापासून सिद्ध झाला आहे. युरोपीय भाषांतील त्याचा पर्यायही ‘नुकतेच’ या अर्थाच्या लॅटिन क्रियाविशेषणावरून आला आहे. दोन्ही शब्द केवळ काल दर्शवितात. त्या कालाचे स्वरूप सांगत नाहीत. ही उणीव विचारवंतांनी रूपकांनी भरून काढली. कान्टने १७८४ मध्ये प्रबोधनाची व्याख्या करताना अज्ञानदशेतून सज्ञान होण्याची कल्पना योजिली. ब्लूमेनबर्गने १९६० मध्ये असे प्रतिपादिले की, काही रूपके तार्किक संकल्पनांत पूर्णपणे विरघळविता येत नाहीत. या दृष्टीने पाहता रूपक हा विचाराचा अलंकार नसून त्याचे एक अंग ठरते.

महाराष्ट्रात याचा पहिला पुरावा वृत्तपत्रांच्या नावांतच सापडतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले. पुढे १८४१ मध्ये ‘प्रभाकर’, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ आणि १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’ ही पत्रे सुरू झाली. आरशात समाजाला स्वतःचेच मुख दिसते. सूर्य मात्र बाहेरून उगवतो. एका दशकात आत्मपरीक्षणाचे रूपक मागे पडून प्रकाशाचे रूपक पुढे आले. प्रकाशाच्या रूपकात अंधार हा निसर्गसिद्ध मानला जातो. तो कोणी निर्माण केला, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही.

तो प्रश्न जोतीराव फुले यांनी उपस्थित केला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण होय. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील गुलाम आणि येथील शूद्रातिशूद्र यांची स्थिती शेजारी ठेवताच अज्ञानाचा अर्थ पालटला. अंधाराला कर्ता नसतो, दास्याला धनी असतो. त्यामुळे उपायही केवळ ज्ञानदानाचा न राहता मुक्तीचा झाला.

न्यायमूर्ती रानडे यांनी तिसरी वाट धरली. १८९७ च्या अमरावती येथील सामाजिक परिषदेत त्यांनी समाजाला सजीव देहाच्या ठिकाणी मानून पुनरुज्जीवनवाद्यांचे खंडन केले. सजीवाच्या ठिकाणी मृत अंश परत येत नाहीत. वाढ मात्र अखंड चालते. याच जातीचे रूपक वाई येथील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ (१९५१) या ग्रंथनामातही आढळते. ‘विकास’ म्हणजे मूलतः उमलणे. या रूपकाने परंपरा व नवता यांतील सातत्य दाखविता येते. परंतु देहातील रोगट अवयव कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

रूपकाच्या या निवडीचे परिणाम ग्रंथांपुरते मर्यादित नसतात. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण वेण्णेच्या काठी आहे. याच तालुक्यात, डोंगराच्या पलीकडे, बामणोलीच्या बाजूला कोयनेचे खोरे लागते. १९६० च्या दशकात कोयना प्रकल्पाची वीज मुंबई-पुण्याकडे जाऊ लागली आणि शिवसागर जलाशयाखाली त्या खोऱ्यातील गावे गेली. अनेक कुटुंबांना दूर जाऊन वसावे लागले. प्रकाशाचे रूपक येथे अक्षरशः खरे ठरले. परंतु त्या रूपकात दिव्याच्या उजेडाला स्थान होते, तेल कोणाचे जळते याला नव्हते. ‘विकास’ या शब्दातही फुलाचे उमलणे दिसते, उपटलेली मुळे दिसत नाहीत. विस्थापितांचे दुःख दीर्घकाळ हिशेबाबाहेर राहिले, याला शासकीय अनास्थेबरोबरच या शब्दांची घडणही काही अंशी कारण झाली असावी.

म्हणून रूपके टाकून द्यावीत असा निष्कर्ष मात्र निघत नाही. त्यांच्यावाचून ‘आता’ या कालवाचक शब्दाला आशयच उरणार नाही. मार्ग आपल्या अलंकारशास्त्रातच सुचविलेला आहे. रूपकात उपमेय व उपमान यांचा अभेद कल्पिलेला असतो. उपमेत साम्याबरोबर भेदही शिल्लक राहतो. आधुनिकतेच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य हेच की, रूढ झालेल्या रूपकाची पुन्हा उपमा करावी. ज्ञान प्रकाशासारखे आहे असे म्हणताच ते कोठे प्रकाशासारखे नाही, हे विचारण्यास जागा होते. आणि समाजचिकित्सेचा आरंभ त्याच जागेपासून होतो.