काळा रस्सा आणि समुद्रापलीकडची मिरची

चैत्राचें ऊन तापूं लागलें कीं आमच्या खानदेशांत धाब्याच्या घरांवर लाल मिरच्या वाळूं लागतात आणि वर्षाच्या मसाल्याची धांदल सुरू होते. जळगांव-धुळ्याकडील श्रोत्यांस तो ठसका ठाऊकच आहे. रस्सा करतांना कांदा आणि सुकें खोबरें निखाऱ्यावर काळें होईपर्यंत भाजून पाट्यावर वाटावयाचें, त्यांत तो मसाला घालावयाचा, आणि वर तेलाचा तवंग आला कीं कळण्याची भाकरी कुस्करावयाची. देवगिरीच्या यादवांपासून आपले पूर्वज हेंच जेवत आले असें आपण मनांत धरून चालतों. मीं तर तसें शिकविलेंहि.

धुळें जिल्ह्यांतील एका शाळेंत यादवकालीन लोकजीवनाचा धडा चालू असतां मीं झणझणीत रश्श्याचें मोठें रसाळ वर्णन केलें. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पण भूगोलाच्या तासाला तर तुम्हीं मिरची अमेरिकेंतून आली असें सांगितलें होतें." भूगोलहि मीच शिकवीत असें! त्या दिवशीं मीं त्यास खालीं बसविलें; दुसरे दिवशीं वर्गापुढें चूक कबूल केली. ती कबुली देण्यापूर्वीं रात्रीं जें वाचावें लागलें, त्यांतील कांहीं आज सांगतों.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ बाराव्या शतकांतला. त्यांत राजाच्या भोजनाचें वर्णन आहे, आणि पुष्कळांस नवल वाटेल, वराहमांसाचे प्रकारहि आहेत; केंस जाळून तें कसें भाजावें येथपर्यंत. हिंग, सैंधव, मिरें सर्व आहे. मिरची नाहीं. पुढें अकबराच्या पदरीं असलेल्या अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी' लिहिली. हा गृहस्थ अशीरगडच्या स्वारींत आमच्या खानदेशांत प्रत्यक्ष येऊन गेलेला. १६०१ सालीं तो गड पडला आणि शहाजादा दानियालच्या नांवानें खानदेशाचा 'दानदेश' झाला. त्याच्या पाकविधींतहि मिरें आणि आलें आहे, मिरची नाहीं.

कोलंबस १४९२ सालीं निघाला तो मिऱ्यांच्याच शोधांत. मिरें मिळालें नाहीं, त्याऐवजीं हें तिखट फळ मिळालें. स्पॅनिश लोकांनीं मिऱ्याच्या 'पिमिएन्ता' या नांवावरून त्यास 'पिमिएन्तो' म्हटलें. आपणहि मिऱ्यावरूनच मिरची केली. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्याच जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ सालीं त्याच वाटेनें गेला. आज त्याच नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरचीचे लाल गालिचे पसरतात.

मिरचीचें माहेर मेक्सिको. तेथील एक जुना प्रकार ऐकून मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. धुरावर वाळविलेली मिरची ऊन पाण्यांत भिजवावयाची, भाजलेला कांदा, लसूण, टोमॅटो यांसह वाटावयाची आणि त्या रश्श्यांत डुकराचें मांस मंद शिजवावयाचें. वाटण्याचा तेथील जुना दगड, मेताते, म्हणजे तीन पायांचा पाटाच! पण त्यांतील मांस तिकडचें नव्हे. डुकरें स्पॅनिश लोकांनीं नेलीं, १५२१ सालीं राजधानी जिंकली त्या सुमारास. म्हणजे त्यांचाहि 'परंपरागत' रस्सा अर्धा परकाच. गोव्याच्या विंदालूंत तर उलट झालें: मांस शिर्क्यांत आणि लसणींत मुरविण्याची रीत पोर्तुगालची, मिरची मेक्सिकोची, आणि हात गोव्याचा.

मग धूर कशासाठीं? हालापेन्यो नांवाची तेथली मिरची जाड सालीची; उन्हांत वाळण्याआधीं ती कुजते. म्हणून तिला धूर द्यावा लागतो, आणि तिचें चिपोत्ले हें नांव तेथील मूळ नाहुआ लोकांच्या भाषेंत 'धुरावलेली मिरची' याच अर्थाचें. आमची मिरची पातळ सालीची, आणि वैशाखांतलें जळगांवचें ऊन काय वर्णावें! तिला धुराची गरज उरली नाहीं. धुराची चव आम्हीं कांद्या-खोबऱ्याकडून घेतली.

राजवाड्यांतून नव्हे, तर शेताच्या बांधावरून हिनें देश जिंकला असें मला वाटतें. मिरें मलबाराहून यावयाचें, त्यास रोकड लागे. मिरचीचें बीं एकदां मिळालें कीं चार झाडें परसांत होतात. कोरड्या भाकरीस चव आणणारी वस्तु गरिबाला प्रथमच फुकट मिळाली. आणि धर्मानेंहि तिला किती लवकर पदरांत घेतलें पहा! एकादशीच्या फराळांत बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हीं तिन्हीं अमेरिकेचीं चालतात. येथें हजारों वर्षें पिकणारा कांदा मात्र वर्ज्य.

हें सारें मीं आमच्या आत्याबाईंस सांगितलें तेव्हां त्या भरितासाठीं वांगीं भाजीत होत्या. कापसाच्या सुक्या काड्यांचा जाळ, वर हिरवीं वांगीं, अंगणभर धूर. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्या आधीं भरितांत काय घालीत रे?"

मिरें घालीत असतील, म्हणालों. त्यांनीं तोंड वांकडें केलें आणि खलबत्त्यांत आणखी दोन मिरच्या टाकल्या.